चाक काढण्यापूर्वी

बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला गाव विचारलं, तर ते घाटावरचं की घाटाखालचं हे तो आधी सांगतो. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा घाटावर. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद घाटाखाली. मधून अजिंठ्याची डोंगररांग गेली आहे. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६४० मीटरवर, तर मलकापूर २५०च्या आसपास. मलकापूरला उतरायचं तर राजूर घाट, खामगावला उतरायचं तर ज्ञानगंगा अभयारण्यातून जाणारा बोथ्याचा घाट. बाजाराला, दवाखान्याला, कचेरीच्या कामाला, शेगावच्या दर्शनाला या रस्त्यांनी जाणारी कितीतरी माणसं शंभर-सव्वाशे सीसीच्या मोटारसायकलवर असतात, आणि सहसा एकटी नसतात. मागे बायको, मधे लेकरू, टाकीवर पिशवी. उतारावर या सगळ्यांचा भार ज्या दोन अर्धगोल तुकड्यांवर येतो, ते ब्रेकचे शू मागच्या चाकाच्या हबमध्ये बंद असतात. वर्षानुवर्षं ते कोणी बघत नाही. ते बघता यावेत, आणि घरच्या अंगणात त्यांची निगा राखता यावी, म्हणून ही पुस्तिका.

मागचा ब्रेक उतरला की आपल्याकडे एकच इलाज चालतो. गॅरेजसमोर गाडी उभी करून माणूस म्हणतो, "भाऊ, ब्रेक लागून नाही राह्यला." मिस्त्री खाली बसतो, ब्रेक रॉडच्या टोकाचा नट दोन-चार फेरे आवळतो, पायडल दाबून बघतो आणि म्हणतो, "घ्या, झाला." पायडल वर आलेलं असतं, चाक धरत असतं. पण त्या नटाने ब्रेकमध्ये काहीही सुधारलेलं नसतं. शूवरचा घासणारा थर, म्हणजे लायनर, झिजल्यामुळे शू आणि ड्रम यांच्यातलं अंतर वाढलं होतं, ते नटाने भरून काढलं, एवढंच. लायनर जितका उरला होता तितकाच आहे. नट आवळणं चूक नाही, ते वेळच्या वेळी करायलाच हवं. धोका असा की लायनर अगदी कातडीइतका राहिला तरी नट आवळल्यावर पायाला ब्रेक चांगलाच वाटतो. पाय लायनरची जाडी सांगू शकत नाही. ती डोळ्यांनीच बघावी लागते, आणि या पुस्तिकेचा सारा आग्रह त्यासाठी आहे.

चाक न काढताही बरंच कळतं, आणि सुरुवात तिथूनच करावी. गाडी मेन स्टँडवर लावा आणि मागच्या चाकाशी उकिडवं बसून ब्रेक रॉडचं टोक बघा. नवीन लायनर असताना नट रॉडच्या शेवटच्या आट्यांवर असतो. लायनर झिजत जातो तसा तो पुढे सरकतो आणि त्याच्या मागे रॉडचे आटे उघडे पडत जातात. ते किती उघडे आहेत, यावरून आत किती झीज झाली त्याचा अंदाज येतो. दुसरी खूण त्याहून पक्की. ब्रेकच्या लिव्हरपाशी एक छोटा बाण असतो आणि मागच्या ब्रेक प्लेटवर त्रिकोणासारखी खूण कोरलेली असते. कोणाला तरी पायडल पूर्ण दाबून धरायला सांगा. बाण त्या खुणेला टेकला, तर लायनर संपला असं समजा. मग नट कितीही आवळला तरी उपयोग नाही. ही खूण बहुतेक गाड्यांवर असते, पण चिखलाच्या आणि ग्रीसच्या थराखाली दडलेली. आधी फडक्याने पुसा, मग दिसेल.

आतली रचना साधी आहे. ती १०० वर्षांहून जुनी आहे. फ्रान्सच्या लुई रनो यांनी १९०२च्या सुमारास मोटारगाडीसाठी ड्रम ब्रेक बनवला, त्यातली मूळ कल्पना आजही तीच आहे. पायडल दाबलं की रॉड ओढला जातो, रॉड लिव्हरला फिरवतो, लिव्हर एका चपट्या कॅमला फिरवतो, आणि कॅम दोन्ही शूंची टोकं फाकवतो. शू ड्रमच्या आतल्या भिंतीला घासतात. पाय काढला की दोन स्प्रिंगा शूंना परत ओढून घेतात. यातली एक गोष्ट मात्र नीट समजून घेण्यासारखी आहे. चाक पुढे फिरत असताना एका शूला ड्रम स्वतःच आत ओढून घेतो, म्हणजे पायाने जितका जोर लावला त्याहून जास्त जोराने तो शू चिकटतो. दुसऱ्याला ड्रम मागे ढकलतो. म्हणून एवढ्याशा ब्रेकला पायाचा थोडा जोर पुरतो, आणि म्हणूनच ओढला जाणारा शू साधारणपणे जास्त झिजलेला सापडतो. शू मोजताना जो पातळ असेल, त्याच्या सगळ्यात पातळ जागेवर मोजायचं, ते याच कारणाने. नवा लायनर साधारण ४ मिलिमीटरचा असतो. २ मिलिमीटरवर आला की तो बदलायचा, आणि बदलताना दोन्ही शू आणि दोन्ही स्प्रिंगा एकदमच.

आपल्या रस्त्यांवर या गाड्या कधीपासून आहेत तेही सांगायला हवं. हीरो होंडाची सीडी १०० आली १९८५ साली आणि स्प्लेंडर १९९४ साली. स्प्लेंडरच्या मागच्या चाकात आजही १३० मिलिमीटरचा ड्रमच आहे. पुढे डिस्क बसवलेल्या सव्वाशे सीसीच्या पुष्कळ गाड्याही मागे ड्रमच ठेवतात. ड्रम स्वस्त आहे, त्याचे भाग तालुक्याच्या कोणत्याही दुकानात मिळतात, आणि तो बंद असल्यामुळे चिखलपाण्यापासून पुष्कळ सुरक्षित राहतो. मला स्वतःला ग्रामीण रस्त्यासाठी तो वाईट पर्याय वाटत नाही. पण बंद असण्याची किंमत घाटात मोजावी लागते.

गाडी, दोन माणसं आणि सामान मिळून २५० किलो धरा, आणि बुलढाण्याहून मलकापूरपर्यंतचा ४०० मीटरचा उतार धरा. या उतरण्यात जेवढी ऊर्जा मोकळी होते, तेवढ्या ऊर्जेत ३ लिटर पाण्याला उकळी फुटेल. यातली काही हवा घेते, काही टायर घेतात, आणि गाडी गिअरमध्ये असेल तर मोठा वाटा इंजिन घेतं. उरलेली ब्रेकमध्ये उष्णता होऊन साठते. डिस्क उघड्यावर असते, तिला वारा लागतो. ड्रमची उष्णता ॲल्युमिनिअमच्या हबमधून सावकाश बाहेर पडते. लायनर फार तापला की त्याची पकड कमी होते. ड्रमची आतली बिडाची कडी तापून थोडी फैलावते, म्हणजे शूला आणखी लांब जावं लागतं. पायडल खाली खाली जाऊ लागतं आणि वळणावर हवा तेवढा ब्रेक मिळत नाही. थांबून गाडी गार झाली की ब्रेक पुन्हा पहिल्यासारखा, म्हणून माणूस ते विसरूनही जातो.

आणि इथेच आपल्याकडची एक सवय फार महाग पडते. पेट्रोल वाचवायला घाटाच्या माथ्यावर गाडी न्यूट्रल करायची, काही जण तर इंजिनच बंद करतात, आणि खालपर्यंत गाडी गडगडत न्यायची. तसं केलं की इंजिनाचा वाटाही ब्रेकवर येऊन पडतो. बोथ्याच्या जंगलात रोही एकदम आडवी येते, तेव्हा तापलेला, पातळ झालेला लायनर काय देणार? वाचलेलं पेट्रोल काही रुपयांचं असतं. ज्या गिअरवर घाट चढलात त्याच गिअरवर उतरा, हा जुन्या ट्रक चालकांचा नियम मोटारसायकललाही लागू आहे. ब्रेक सतत दाबून धरण्यापेक्षा दाबा, वेग उतरवा, सोडा. आणि फक्त मागच्यावर विसंबू नका. ब्रेक लागताना गाडीचा भार पुढच्या चाकावर जातो, म्हणून खरं थांबवण्याचं काम पुढचा ब्रेक जास्त करतो. मागचं चाक हलकं होतं आणि जोरात दाबलं तर जाम होऊन घसरतं.

घाटाखाली वेगळं दुखणं आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या कितीतरी गावांत बोअरला खारं पाणी लागतं. त्याच पाण्याने गाडी धुतली जाते आणि क्षार बारीक फटींत बसतात. त्यावर पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल. तो चाकात आणि मडगार्डमध्ये भरतो तसा ब्रेकच्या लिव्हरभोवतीही भरतो आणि वाळला की टणक होतो. हळूहळू कॅमची दांडी प्लेटच्या भोकात गंजून धरते. मग पायडल दाबलं जातं, ब्रेक लागतो, पण पाय काढल्यावर तो पूर्ण सुटत नाही. शू ड्रमला टेकूनच राहतात. गाडी जड चालते, ॲव्हरेज उतरतं, हब गरम लागतो, लायनर दुप्पट वेगाने संपतो. गाडीवाला इंजिनचं काम काढतो आणि दुखणं असतं मागच्या चाकात. जुलै २०२३मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत पूर आला, तसल्या पुरात बुडालेली गाडी वरून धुऊन पुसून चालू केली तरी तिचे ड्रम उघडून कोरडे केल्याशिवाय चालवू नये. नाल्यातून गाडी काढल्यावरही ओला लायनर काही अंतर धरत नाही. सावकाश चालत हलका ब्रेक लावून तो वाळवावा लागतो.

आता आत काय दिसतं ते. रॉडचा नट काढा, आणि स्प्रिंग व लिव्हरमधली छोटी गोल पिन यांच्यासकट तो लगेच रॉडवरच परत चढवून ठेवा; अंगणातल्या धुळीत हरवणारी पहिली वस्तू हीच पिन असते. टॉर्क रॉडचा नट, मग एक्सलचा नट. एक्सल ओढून काढला की चाक सुटतं. बऱ्याच शंभर सीसी गाड्यांत चेन आणि स्प्रॉकेट जागेवरच राहतात, त्यामुळे चेन उतरवावी लागत नाही. एक्सलवरचं बुश कोणत्या बाजूचं, कोणत्या तोंडाने होतं, ते बघून ठेवा. मग ब्रेक प्लेट हाताने बाहेर येते. ड्रममध्ये राखाडी काळी भुकटी साठलेली असते. शूवर चकाकी आली असेल तर लायनर तापून गुळगुळीत झाला आहे. पॉलिश पेपरने ती चकाकी काढता येते. लायनरवर काळा तेलकट डाग असेल तर बेअरिंगचं किंवा कॅमचं ग्रीस आत आलं आहे. असा शू पेट्रोलने धुऊन परत बसवतात. ते करू नये. तेल लायनरमध्ये मुरलेलं असतं आणि ब्रेक तापला की पुन्हा वर येतं. शू बदला, आणि ग्रीस कुठून आलं ते शोधा. ड्रमच्या भिंतीवरून बोट फिरवा: नखाला अडतील असे खोल चर आहेत का, कडेला उंबरठा तयार झाला आहे का. ड्रमची झिजण्याची मर्यादा बहुधा ड्रमवरच कोरलेली असते. १३०च्या ड्रमला साधारण १३१ मिलिमीटर. त्यापुढे गेलेल्या ड्रमला नवा शू नीट बसत नाही.

त्या भुकटीविषयी मला जरा जोर देऊन सांगायचं आहे. गॅरेजमध्ये ती फुंकर मारून किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवतात, शेजारी पोरगं चहा घेऊन उभं असतं. लायनरमध्ये पूर्वी सर्रास ॲस्बेस्टॉस वापरत. त्याचे सगळे प्रकार कर्करोग करणारे आहेत, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने स्पष्ट केलं आहे. आज चांगले लायनर ॲस्बेस्टॉसविना बनतात, पण पाकिटावर काहीच न लिहिलेल्या स्वस्त शूमध्ये काय आहे ते बघून कळत नाही. म्हणून भुकटी कधीही फुंकू नये. ओल्या फडक्याने पुसावी, फडकं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून टाकावं, तोंडाला मास्क किंवा रुमाल असावा, आणि लेकरांना तेवढा वेळ लांब ठेवावं.

कॅम हा या सगळ्या कामाचा गाभा आहे. तो काढण्यापूर्वी दांडीवरचा आणि लिव्हरवरचा ठोकलेला ठिपका शोधा. परत बसवताना ते दोन्ही समोरासमोर यायला हवेत. गंज पॉलिश पेपरने काढा, भोक पुसा, दांडीवर आणि कॅमच्या तोंडावर ग्रीसचं बोट फिरवा, चमचाभर नव्हे. जास्तीचं ग्रीस तापून लायनरवरच जाणार. आता इथे एक जुगाड चालतो, आणि तो मी जिल्हाभर पाहिला आहे. लायनर संपला, नटाचे आटेही संपले, की लिव्हर कॅमच्या दांडीवरून काढून एक दात फिरवून बसवायचा. पायडल लगेच वर येतं आणि शूचे पैसे वाचतात. पण असं केल्याने तो बाण खोटं सांगू लागतो. लायनर संपला तरी तो खुणेच्या अलीकडेच राहतो. त्याहून वाईट म्हणजे पातळ लायनरमुळे कॅमला फार फिरावं लागतं, आणि एखाद्या जोराच्या ब्रेकला तो पूर्ण आडवा होऊन तसाच अडकू शकतो. मग पाय काढला तरी चाक सुटत नाही. घाटात चाक जाम होणं म्हणजे काय, ते सांगायला नको. शूचा जोड काही शे रुपयांत मिळतो. हा जुगाड करणाऱ्या मिस्त्रीला नाही म्हणायला शिका, आणि ते नम्रपणे पण ठामपणे म्हणा.

परत बसवताना दोन गोष्टी चुकू नयेत. पहिली टॉर्क रॉड. ब्रेक लागला की चाकाबरोबर ब्रेक प्लेटही फिरू बघते. तिला धरून ठेवणारा हा एकच दांडा. त्याचा नट सुटला तर प्लेट फिरते, ब्रेक रॉडला गुंडाळते आणि मागचं चाक क्षणात जाम होतं. नट पूर्ण आवळा आणि त्यातली स्प्लिट पिन दर वेळी नवी घाला. ती काही पैशांची वस्तू आहे आणि तिच्याऐवजी तारेचा तुकडा चालत नाही. दुसरी गोष्ट कमी माहीत असते: एक्सलचा नट शेवटचा आवळण्याआधी चाक फिरवा, पायडल दाबून धरा आणि दाबलेलं असतानाच नट आवळा. त्याने दोन्ही शू ड्रमच्या मध्यावर बसतात आणि ब्रेक एकसारखा लागतो.

मग पायडलचा ढिलेपणा. बहुतेक गाड्यांना २० ते ३० मिलिमीटर सांगितलेला असतो, आपल्या गाडीच्या पुस्तकात बघून घ्यावा. रॉडच्या नटाला एका बाजूला अर्धगोल खाच असते, ती गोल पिनेवर नीट बसली पाहिजे. मधेच राहिली तर चालता चालता नट फिरतो. चेन आवळली असेल तर ब्रेक पुन्हा तपासा. चेन आवळताना चाक मागे जातं, रॉड ताणला जातो, आणि कालपर्यंत बरोबर असलेला ब्रेक आज टेकून राहतो. चेन घरी आवळणाऱ्यांपैकी फार थोडे जण यानंतर ब्रेकचा नट बघतात. शेवटी ब्रेकचा दिवा. तो पायडल दाबताक्षणी लागला पाहिजे, मागून येणाऱ्या ट्रकसाठी.

१ एप्रिल २०१९पासून १२५ सीसीपर्यंतच्या दुचाकींना एकत्र लागणारा ब्रेक किंवा एबीएस सक्तीचं झालं. त्यामुळे नव्या गाडीत मागचं पायडल दाबलं की पुढचा ब्रेकही काही प्रमाणात लागतो. सोय चांगली आहे, पण जोडणी वाढली. अशा गाडीत मागचा नट फिरवला की दोन्ही ब्रेकांचा मेळ बिघडू शकतो, म्हणून तिचं वेगळं प्रकरण केलं आहे. ते वाचल्याशिवाय तिला हात लावू नये.

वर्षातून दोनदा ड्रम उघडा, असं मी सुचवतो: एकदा मृगाच्या आधी, पेरणीची धावपळ सुरू होण्यापूर्वी, आणि एकदा सोयाबीन घरात आल्यावर. खंडेनवमीला आपण गाडी धुतो, हार घालतो, कुंकू लावतो. त्याच आठवड्यात एक सकाळ काढून चाक काढलं, तर चिखलाचा हंगाम कॅममध्ये काय ठेवून गेला ते कळेल. घाटाने रोज येणंजाणं असेल तर बाणाची खूण महिन्यातून एकदा बघावी. त्याला एक पायडल दाबणारा माणूस आणि दोन मिनिटं लागतात.

सगळंच घरी करावं असं माझं म्हणणं नाही. ड्रमला तडा असेल, लायनर शूपासून सुटून उचकटला असेल, बेअरिंगला खेळ असेल, मर्यादेपुढे झिजलेल्या ड्रमसाठी हब बदलायचा असेल, तर मिस्त्रीकडे जा. पण जाताना आत काय आहे ते तुम्हाला माहीत असेल, आणि जुने शू परत मागून घेता येतील. घरी काम केल्यावर पहिली चाचणी गल्लीत, माणसाच्या चालीच्या वेगाने घ्या. नवा लायनर ड्रमला पूर्ण टेकायला काही दिवस घेतो, तोवर घाट टाळा आणि ब्रेक हलकेच लावत जा. पहिलं प्रकरण पान्यांचं आहे: कोणत्या गाडीला कोणते लागतात आणि एक्सलच्या नटाला पक्कड का लावू नये, ते तिथे आहे.